पावसाचें पाणी जातें कोठें ?

पावसाळ्यांत आपण मुंबईकर एक प्रश्न वारंवार विचारतों, "पाणी ओसरणार केव्हां ?" स्टेशनावर खोळंबलेला नोकरमाणूस हा प्रश्न विचारतो, शाळेच्या फाटकाशीं मुलाची वाट पाहणारी आई विचारते, दुकानाच्या उंबऱ्यावर पोतीं रचणारा दुकानदारही विचारतो. प्रश्न अगदीं स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न आहे, व तो आपण सहसा विचारीत नाहीं. पाणी ओसरतें म्हणजे तें जातें तरी कोठें ? आज मी आपलें लक्ष या दुसऱ्या प्रश्नाकडे वेधणार आहें. कारण पहिल्याचें उत्तर या दुसऱ्यांतच दडलेलें आहे, असें माझें मत आहे.

हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथानें सुचविला नाहीं. आमच्या इमारतीचें आवार पूर्वीं मातीचें होतें. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तेथें चिखल होई, कडेला अळू माजे, आणि जोराची सर आली कीं घोटा बुडेल इतकें पाणी तासभर सांचून राही. शेवटीं बिऱ्हाडकरूंची सभा भरली, ठराव झाला, वर्गणी जमली, आणि सबंध आवाराला काँक्रीट करून वर फरशी बसविण्यांत आली. ठरावाच्या बाजूनें हात वर करणारांत मीही होतों. पुढच्या पावसाळ्यांत मोठी सर येऊन गेली, आणि दहा मिनिटांत आवार कोरडें झालें ! आम्ही सारे संतुष्ट झालों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्याकडे धुण्याभांड्यांस येणाऱ्या बाई उशिरा आल्या. त्यांची खोली आमच्याच रस्त्याच्या उतारावर, नाल्याच्या कांठीं आहे. रात्रीं घरांत पाणी शिरलें, म्हणून त्यांनीं पिठाचा डबा माळ्यावर चढविला होता आणि मुलांना घेऊन खाटेवर बसून रात्र काढली होती. आमच्या फरशीकडे पाहून त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या अंगणांत आतां पाणी थांबत नाहीं, हें बरं झालं. पण आमच्याकडं तें आतां लौकर येतं."

त्यांच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र तें वाक्य लागलें. ज्याला आम्ही निचरा म्हणत होतों, तो निचरा नव्हता. आमच्या दारांतलें संकट आम्ही उताराखालच्या दारांत नेऊन ठेवलें होतें, एवढेंच. मोठ्या शहरांतील पुराचें कोडें उलगडावयाचें, तर येथूनच आरंभ केला पाहिजे, असें मला वाटतें.

प्रथम थोडा हिशेब करूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडलें. हें सोपें कोष्टक ध्यानांत ठेवलें, कीं वर्तमानपत्रांतले आंकडे डोळ्यांसमोर उभे राहतात. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. हजार चौरस मीटरांच्या एखाद्या बेताच्या आवारावर त्या दिवशीं नऊ लक्ष चव्वेचाळीस हजार लिटर पाणी कोसळलें. दहा हजार लिटरांचे चौऱ्याण्णव टँकर एकाच दिवशीं एकाच अंगणांत रिते करावे, तसें तें झालें. आणि ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट अशी, कीं याच दिवशीं याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेंत, पाऊस पडला तो अवघा ७३ मिलिमीटर ! मुंबईच्या एका टोकाला साधा पावसाळी दिवस होता, आणि दुसऱ्या टोकाला प्रलय होता. त्यांतच दुपारीं समुद्राला मोठी भरती आलेली होती. मुंबई व तिच्या परिसरांत शेंकडों माणसें दगावलीं. त्या अतिवृष्टींत सबंध महाराष्ट्रांत हजारांहून अधिक जीव गेले. कोणी मोटारींत गुदमरले, कोणी दरडींखालीं सांपडले, कोणी वाहून गेले.

आतां या पाण्याला वाहून नेण्यासाठीं शहराजवळ काय होतें, तें पाहूं. मुंबईच्या पर्जन्यजलवाहिन्यांपैकीं पुष्कळ ब्रिटिश अमदानींतल्या आहेत. कांहींचें वय शंभराहून अधिक आहे. त्यांची योजना तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून, आणि समुद्राला ओहोटी आहे असें धरून, केलेली होती. परंतु या योजनेंत तिसरेंही एक गृहीत होतें, आणि तें आपण विसरून गेलों आहोंत. पडणाऱ्या पावसांपैकीं निम्में पाणी जमीन पिऊन टाकील आणि निम्मेंच गटारांत येईल, असें त्या स्थापत्यविशारदांनीं मानलें होतें. त्यांच्या काळीं तें मानणें गैर नव्हतें. बंगल्याभोंवतीं बागा होत्या, वाड्या होत्या, माहीम-दादरकडे भातखाचरें व नारळीच्या राया होत्या. जमीन ही त्यांच्या योजनेंतली अर्धी भागीदार होती. तिच्या वांट्याला कोणी नळ घातले नव्हते, कारण त्यांची गरजच नव्हती.

पुढें आपण काय केलें ? त्या भागीदाराला आपण घरांतून घालवून दिलें. अंगणावर फरशी आली, पदपथावर सिमेंट आलें, झाडाच्या बुंध्यापर्यंत डांबर आलें. गटार मात्र तेंच राहिलें. ज्या नळांत निम्मेंच पाणी यावयाचें होतें त्यांत तें सगळेंच्या सगळें येऊं लागलें, तर ताशीं पंचवीस मिलिमीटरांसाठीं बांधलेला नळ साडेबारा मिलिमीटरांतच भरून जातो. पाऊस एका थेंबानेंही वाढला नसता, तरी पूर दुप्पट लौकर आला असता. याचा दोष आपण आभाळाला कसा द्यावा ?

मुंबईची अडचण आणखी एका कारणानें वाढलेली आहे. हें शहर मूळचें सात बेटांचें. या बेटांच्या मधून भरतीचें पाणी आंत शिरे, व ओहोटीबरोबर निघून जाई. पायधुणी, उमरखाडी हीं नांवें त्या काळाची साक्ष अजून देतात. खाडीचें पाणी तुडवून आल्यावर लोक जेथें पाय धूत, ती पायधुणी, असें म्हणतात. १७८४ च्या सुमारास गव्हर्नर हॉर्नबीच्या कारकीर्दींत वरळी व महालक्ष्मी यांमधलें खिंडार बांध घालून बुजविलें गेलें, आणि त्यामागची सखल भूमि समुद्रापासून सुटली. पुढच्या शतकांत भराव घालून बेटें एकमेकांस जोडलीं गेलीं. भूमि सुटली खरी, पण उंच झाली नाहीं. आज मुंबईंत जेथें जेथें पाणी तुंबतें, त्यांपैकीं पुष्कळ जागा या पूर्वींच्या बेटांमधल्या सखल पट्ट्यांतल्याच आहेत. शिवाय शहरांतील बहुतेक जलवाहिन्यांचीं समुद्राकडील तोंडें भरतीच्या पातळीच्या खालीं आहेत. पावसाला जोर आणि समुद्राला भरती अशी गांठ पडली, म्हणजे पाणी बाहेर जाण्याचें दारच बंद होतें. वेळप्रसंगीं समुद्रच त्या दारानें आंत येऊं पाहतो.

उपनगरांची जलवाहिनी म्हणजे मिठी नदी. विहार व पवई या तलावांच्या सांडव्यांवरून येणारें पाणी घेऊन ती सुमारें अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. आपल्यांतील पुष्कळांना २००५ पूर्वीं ही नदी आहे हेंच ठाऊक नव्हतें. तिला आपण नाला म्हणत होतों. विमानतळाच्या धांवपट्टीखालून ती जाते, तिच्या मुखाजवळच्या दलदलीवर भराव घालून वांद्रें-कुर्ला संकुल उभें राहिलें, आणि तिच्या दोन्ही कांठांवर झोंपड्या व कारखाने दाटीनें वसले. झोंपडीवाल्यांनीं नदी अडविली, असें म्हणणें सोपें आहे. परंतु ज्याला शहरानें काम दिलें पण घर दिलें नाहीं, त्याला नाल्याचा कांठ तेवढा मोकळा सांपडला. धांवपट्टी आणि संकुल यांना दुसरी जागा शोधतां आली असती. त्याला ती सोय नव्हती, हा भेद विसरतां कामा नये.

नदीच्या मुखाशीं आणि खाडीच्या कडेनें तिवरांचीं रानें होतीं, मिठागरें होतीं. मिठागर हें पावसाळ्यांत रिकामें असतें. त्या वेळीं तेथें मीठ पिकत नाहीं. भरतीचें व पावसाचें जादा पाणी तेथें पसरावें, कांहीं तास थांबावें, आणि ओहोटी लागली कीं निघून जावें, अशी ही बिनखर्चाची सोय होती. वडाळा, कांजूर, भांडुप, मुलुंड या बाजूंना तिचा कांहीं भाग अद्याप शिल्लक आहे. आपल्या नकाशांत मात्र अशा जागेला 'पडीक' म्हणतात. वर्षांतले दोनशें-तीनशें दिवस जी जागा रिकामी दिसते, ती त्या चार-दोन दिवसांसाठींच रिकामी ठेवावयाची असते, हें तत्त्व आपल्या शेतकऱ्याला पांदीच्या व ओढ्याच्या बाबतींत कळतें. शहराच्या रचनाकाराला तें अजून पुरतें पटलेलें दिसत नाहीं.

येथवर मी केवळ जमिनीविषयीं बोललों. आतां आभाळाकडे वळूं. कारण तेथेंही पालट झालेला आहे. हवा ही टिपकागदासारखी आहे. ती जितकी ऊन, तितकी अधिक वाफ ती धरून ठेवते. एक अंश सेल्सियसमागें सुमारें सात टक्के अधिक. कोळसा व तेल यांच्या अमर्याद ज्वलनानें पृथ्वीचें सरासरी तपमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेनें एका अंशाहून अधिक वाढलें आहे. समुद्र तापला, हवेंत वाफ वाढली. अशी भरलेली हवा एकदां पिळली गेली, कीं पाऊस मुसळधार कोसळतो. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें, कीं १९५० ते २०१५ या अवधींत मध्य भारतांतील मोठ्या प्रदेशावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनें वाढल्या. मध्यंतरींचा साधा पाऊस त्या प्रमाणांत वाढला नाहीं. म्हणजे ऋतु तोच, पण देणें मात्र एकदम. महिन्याचा शिधा एका दिवशीं दारांत ओतून जावा, तसें. समुद्राचेंही तसेंच आहे. १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें वीस सेंटिमीटरांनीं वर आली, आणि वाढण्याचा वेग उत्तरोत्तर अधिक होत आहे. जलवाहिन्यांच्या तोंडाशीं वीतभर पाण्याला काय महत्त्व आहे, तें आपण आतांच पाहिलें.

यांतून एक गोष्ट निष्पन्न होते. गेल्या शंभर वर्षांचा पाऊस पाहून पुढच्या शंभर वर्षांचें गटार बांधावें, ही आजवरची रीत होती. ती आतां पुरी पडणार नाहीं, कारण मागचा पाऊस हा पुढच्या पावसाचा जामीन राहिलेला नाहीं.

मुंबईनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९८५ च्या पुरानंतर जलवाहिन्यांची पाहणी झाली, आणि १९९३ च्या अहवालानें ताशीं पन्नास मिलिमीटर पाऊस धरून, व जमीन कांहींच पीत नाहीं असें गृहीत धरून, नव्या वाहिन्यांची शिफारस केली. तो अहवाल पुष्कळ काळ कपाटांत राहिला. २००५ च्या प्रलयानें तो बाहेर काढविला. त्या पुराची चौकशी ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें केली. पुढें हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंध या ठिकाणीं पाणी उपसून समुद्रांत टाकणारीं केंद्रें उभीं राहिलीं. भरतीच्या वेळींही तेथें पाणी बाहेर फेंकतां येतें. हिंदमातेजवळच्या सखल भागासाठीं दादर व परळ येथील मैदानांखालीं मोठ्या टाक्या बांधण्यांत आल्या. पाऊस जोरांत असतांना पाणी त्यांत घ्यावयाचें आणि ओहोटीला सोडून द्यावयाचें, अशी ती योजना. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ मध्यें राज्यभर तिवरांच्या रानांची तोड करण्यास मनाई केली. हीं सारीं कामें चांगलीं आहेत.

परंतु पंप आणि नळ यांनाही मर्यादा असते. २६ जुलैच्या त्या दुपारीं एका तासांत शंभर मिलिमीटरांहूनही अधिक पाऊस कोसळला होता. ताशीं पन्नास मिलिमीटरांची जलवाहिनी अशा वेळीं पुरी पडणार नाहीं. आणि शंभरांची बांधावी म्हटलें, तर या दाटीच्या शहरांत ती घालावयास जागा नाहीं. पाणी लौकर बाहेर नेण्याची कला आपण पुष्कळ शिकलों. आतां पाणी थांबविण्याची कला शिकली पाहिजे. जेथें पडलें तेथेंच त्याला घटकाभर बसवून ठेवावें, उताराखालच्या घराकडे तें धांवत सुटणार नाहीं असें करावें, हीच पुढची वाट आहे.

हें संकट समुद्रकांठच्या शहरावरच येतें, असेंही नाहीं. पुण्याला समुद्र नाहीं आणि भरतीही नाहीं. तरी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कात्रजच्या बाजूनें येणाऱ्या आंबिल ओढ्याला असा लोंढा आला, कीं कांठच्या सोसायट्यांच्या भिंती कोसळल्या, मोटारी एकमेकींवर रचल्या गेल्या, आणि शहर व आसपासचा भाग मिळून वीसहून अधिक माणसें दगावलीं. त्या रात्रींचा पाऊस मुंबईच्या २००५ च्या पावसाच्या मानानें फारच थोडा होता. या ओढ्याचा इतिहास बोधप्रद आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास तो पुणें शहराच्या वस्तींतून वाहत असे. नानासाहेब पेशव्यांनीं त्याला बांध घालून त्याचा प्रवाह शहराबाहेरून वळविला आणि पर्वतीच्या पायथ्याशीं तळें केलें. वर कात्रजलाही तलाव बांधून तेथून शहराला पाणी आणलें. म्हणजे ओढ्याची वाट मनुष्यानें बदलली, यांत नवें कांहीं नाहीं. परंतु त्यांनीं वाट बदलतांना त्याला दुसरी वाट दिली, आणि विसावावयास तळेंही दिलें. आपण त्या दुसऱ्या वाटेच्या दोन्ही कांठांनीं भिंती पुढें सरकवीत नेल्या.

मुंबईंतही तळीं होतींच. गोवालिया टँक, धोबी तलाव, सी. पी. टँक या नांवांनीं आपण आज रस्ते व चौक ओळखतों. तेथें एके काळीं खरोखरीचीं तळीं होतीं. घरोघर नळ आले, डासांची व हिंवतापाची भीति वाटूं लागली, आणि शहरांतील तळीं एकामागून एक बुजलीं. त्या काळच्या लोकांना मी नांवें ठेवीत नाहीं. त्यांच्यापुढचें संकट निराळें होतें. आपल्यापुढचें संकट मात्र तळें परत मागतें आहे. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन हिच्यावर २ जुलै २०११ रोजीं अवघ्या दोन-तीन तासांत सुमारें दीडशें मिलिमीटर पाऊस कोसळला. त्यानंतर तेथील नगरपालिकेनें २०१२ मध्यें जी योजना आंखली, तींत नळ मोठे करण्यापेक्षां जमिनीवरच्या सोयींवर भर आहे. कांहीं बागा सखल करावयाच्या, कांहीं रस्ते पन्हळीसारखे करावयाचे, आणि अतिवृष्टीच्या वेळीं पाणी त्यांत थांबवावयाचें, अशीं सुमारें तीनशें कामें त्यांत आहेत. एरवीं त्या बागेंत मुलें खेळतात. श्रोतेहो, पाऊस नसतांना खेळावयाचें आणि पाऊस असतांना पाण्याला द्यावयाचें मैदान, ही कल्पना आपल्या गांवच्या तळ्याकांठच्या मोकळ्या माळाहून फारशी निराळी नाहीं.

आतां आपण, घरांत बसून हें ऐकणारीं माणसें, काय करूं शकतों ? मोठीं कामें राज्यकर्त्यांचीं व नगरपालिकेचीं आहेत, हें खरें; तीं आपल्या अंगणांत होणार नाहींत. परंतु मुंबईंतील जमिनीचा मोठा भाग अशाच आवारांचा आहे, आणि त्यांचीं कुलुपें आपल्या हातांत आहेत.

पहिली गोष्ट अशी, कीं आवाराची जितकी जागा उघडी ठेवतां येईल तितकी ठेवावी. झाडांच्या बुंध्याभोंवतीं हातभर तरी माती मोकळी असावी. मोटारी उभ्या करावयाच्या असतील, तर जिच्या फटींतून पाणी मुरूं शकतें अशी फरशी मिळते, ती घालावी. दुसरी गोष्ट गच्चीवरच्या पाण्याची. मुंबईंत २००२ पासून मोठ्या नव्या इमारतींना पावसाचें पाणी सांठविण्याची वा मुरविण्याची सोय करणें सक्तीचें झालें. आपल्या इमारतींत अशी सोय असेल, तर तिचा खड्डा वा टाकी गाळानें भरलेली नाहीं ना, हें मे महिन्यांत पाहून घ्यावें. बांधलेली पण कधीं न उघडलेली टाकी केवळ परवानगीच्या कागदाला उपयोगी पडते.

यावर कोणी म्हणेल, कीं जुलैमध्यें जमीन आधींच तुडुंब भिजलेली असते. नऊशें मिलिमीटर पाऊस पडला, तर तुमची हातभर माती काय पिणार? हा आक्षेप रास्त आहे. तशा दिवशीं ती फारसें पिणार नाहीं. परंतु २६ जुलैसारखा दिवस क्वचित् येतो; तासाला तीस-चाळीस मिलिमीटरांची सर मात्र दर पावसाळ्यांत अनेकदां येते, आणि चाळींत पाणी शिरतें तें बहुधा अशाच सरींनीं. हजार चौरस मीटरांच्या आवारावर चाळीस मिलिमीटर पाऊस पडला, तर तें पाणी चाळीस हजार लिटर होतें. त्यांपैकीं दहा हजार लिटर आपण तासभर अडवून धरले, आणि रस्त्यावरच्या दहा इमारतींनीं तसेंच केलें, तर एक लक्ष लिटर पाणी उताराखालीं तासभर उशिरा पोंचेल. तेवढ्या वेळांत ओहोटी लागूं शकते. खाटेवर बसून रात्र काढणाऱ्या कुटुंबाला तो तास पुष्कळ आहे.

तिसरी गोष्ट जिवाशीं निगडित आहे, म्हणून ती नीट ऐकावी. पाणी तुंबलें कीं लोक गटाराचें झांकण काढून टाकतात. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसांत मुंबईचे एक नामांकित डॉक्टर घराकडे पायीं जात असतां पाण्याखालच्या अशाच उघड्या तोंडांतून आंत पडले आणि प्राणास मुकले. झांकण उघडणाऱ्यानें पाणी जावें एवढ्याच हेतूनें तें उघडलें असेल. परंतु पाण्याखालीं काय आहे, तें पुढून येणाऱ्याला दिसत नाहीं. झांकण कोणत्याही कारणानें काढूं नये. तुंबलेल्या पाण्यांतून चालणें टाळावें, आणि चालावेंच लागलें, तर काठीनें चांचपीत चालावें. तळमजल्यावर विजेचीं मीटरें असतील, तर पावसाळ्यापूर्वीं तीं पुरेशा उंचीवर बसवून घ्यावीं. ज्या दिवशीं मोठी भरती व मोठा पाऊस यांची गांठ पडण्याचा इशारा असेल, त्या दिवशीं भरतीची वेळ पाहूनच घराबाहेर पडावें.

चौथी गोष्ट विचारण्याची आहे. शहराचा विकास-आराखडा तयार होतो, तेव्हां नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. आपण त्या बहुधा आपल्या रस्त्यापुरत्या करतों. यापुढें असेंही विचारावें, कीं या मिठागरावर, या तळ्यावर, या नाल्याच्या कांठावर बांधकाम झालें, तर तेथें आज थांबणारें पाणी उद्यां कोणाच्या घरीं जाणार ? आणि नाल्याकांठची वस्ती हलवावयाची असेल, तर त्या माणसांना कामाच्या टप्प्यांत राहण्याजोगें घर कोठें मिळणार ? या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें ज्या योजनेंत नाहींत, ती योजना पुराचा पत्ता तेवढा बदलते.

२००५ च्या त्या रात्रीची एक आठवण या शहरांत अजून सांगितली जाते. रस्त्यांत अडकलेल्या अनोळखी माणसांना लोकांनीं हात धरून वर घेतलें, चहा-बिस्किटें वांटलीं, आपल्या घरांत निजावयास जागा दिली. कोण कोठला, हें कोणीं विचारलें नाहीं. ती माणुसकी खरी होती, आणि तिचा अभिमान आपण बाळगावा. माझें म्हणणें एवढेंच आहे, कीं ती एका रात्रीपुरती नसावी. त्या रात्रीं आपण परक्या माणसाला घरांत जागा दिली. आतां वर्षभर पाण्याला अंगणांत थोडी जागा द्यावी, म्हणजे त्या माणसाला आपल्या जिन्यावर आश्रय मागण्याची वेळ येणार नाहीं.

आमच्या आवाराची हकीगत सांगून हें भाषण संपवितों. बाईंच्या त्या वाक्यानंतर पुन्हां एकदां सभा भरली. वाद झाला, चिखलाची आठवण निघाली, खर्चाची निघाली. अखेर कुंपणाच्या कडेची फरशी काढून तेथें माती व खडी घालावी, आणि गच्चीचे नळ रस्त्यावर न सोडतां एका टाकींत सोडावे, एवढें ठरलें. आतां जोराची सर आली, तर आमच्या आवारांत थोडें पाणी अर्धा तास थांबतें. चपला भिजतात, कोणी कुरकुरतोही. नाला अजून तुंबतो, आणि बाईंच्या खोलींत अजूनही कधीं कधीं पाणी शिरतें. आमच्या एका आवारानें तें थांबणार नाहीं. परंतु त्या पाण्यांत आमचा वांटा पूर्वींपेक्षां कमी आहे.

येत्या पावसांत एक मोठी सर आली, म्हणजे आपणही छत्री घेऊन फाटकापर्यंत जावें, आणि आपल्या दारांतून निघालेलें पाणी कोणत्या दिशेनें जातें, तें पाहावें. तें कोणाच्या उंबऱ्याशीं जाऊन थांबतें, हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें, म्हणजे पुढच्या सभेंत हात कोणत्या ठरावाला वर करावा, हें मला सांगावें लागणार नाहीं.